बाहेरून कॅमेरा दिसत नाही, कारण पत्ते संपलेत

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा किंवा मांडवीच्या आसपास नवं फायबर कनेक्शन घेतलेल्या दुकानदाराची एक ठरलेली तक्रार असते. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, बसला, चार कॅमेरे लागले, दुकानातल्या वायफायवर मोबाइलमध्ये चित्र स्वच्छ दिसतं, आणि घरी गेलं की काळा पडदा. कॅमेरेवाला येऊन राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून जातो. ८००० आणि ५५४ हे दोन्ही पोर्ट उघडतो, तरी पडदा काळाच. मग तो नेटवाल्याकडे बोट दाखवतो आणि नेटवाला म्हणतो, स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा कायमचा पत्ता, घ्या, त्याचे वेगळे पैसे पडतील.

बहुतेक वेळा कॅमेरा धड असतो, राउटरही धड असतो. दुकानाला इंटरनेटवर स्वतःचा पत्ताच मिळालेला नसतो. तो मिळत नाही, कारण वाटायला पत्ते उरलेले नाहीत. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मुख्य कोठारातले शेवटचे पाच गठ्ठे पाच खंडनिहाय संस्थांना देऊन टाकले गेले. आशिया-पॅसिफिकचा कारभार पाहणाऱ्या एपनिक या संस्थेने त्याच वर्षी १५ एप्रिलला हात आखडता घेतला, आणि युरोप-अमेरिकेतली कोठारं पुढच्या काही वर्षांत रिकामी झाली. तरीही नेट चालू आहे, उलट वाढतंच आहे. ते कसं, हे कळलं की कॅमेऱ्याचं कोडंही सुटतं.

आज आपण ज्याला साधा आयपी पत्ता म्हणतो तो आयपीव्ही४, म्हणजे चौथी आवृत्ती. १९८१ साली तिचे नियम छापले गेले आणि १ जानेवारी १९८३ पासून त्या वेळचं अमेरिकन संशोधन-जाळं तिच्यावर चालू लागलं. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे बत्तीस शून्य-एकांचा. दोनाचा बत्तिसावा घात केला की ४,२९,४९,६७,२९६ येतात. बस्स, एवढेच पत्ते. प्रयोगशाळांपुरतं जाळं होतं तेव्हा ही संख्या अफाट वाटली, आणि त्यात चूक काही नव्हती. चूक झाली ती वाटपात. अमेरिकेतल्या एमआयटी या एका संस्थेला १८ ने सुरू होणारे सगळे, म्हणजे १ कोटी ६७ लाखांवर पत्ते मिळाले. २०१७ साली तिने त्यातले बरेच विकायला काढले, यावरून गरज किती होती ते कळतंच. १२७ ने सुरू होणारे तेवढेच पत्ते 'मी स्वतः' या एका अर्थासाठी राखून ठेवले गेले, आणि प्रत्यक्षात वापरात येतो तो जवळजवळ एकच, १२७.०.०.१. २२४ पासून २५५ पर्यंतचे ५३ कोटींहून जास्त पत्ते विशेष कामासाठी किंवा 'पुढे कधीतरी' म्हणून बाजूला गेले. हे 'पुढे कधीतरी'चे पत्ते आता का वापरत नाहीत, असं विचारलं जातं. जगभरातली जुनी उपकरणं ते पत्ते दिसले की पाकीट, म्हणजे नेटवरून जाणारा माहितीचा तुकडा, फेकून देतात, म्हणून. ती सगळी उपकरणं बदलायचीच, तर मग नव्या आवृत्तीचीच का घेऊ नयेत?

टंचाईवर एक तोडगा १९९४ साली आला. त्याचं नाव नॅट. तो कळायला बडोद्याचे जुने वाडे कामाला येतात. वाड्यात बारा बिऱ्हाडं, पण टपालाचा पत्ता एकच, आणि देवडीवर एक माणूस वही घेऊन बसलेला. आतल्या बिऱ्हाडाने पत्र बाहेर पाठवलं की देवडीवाला त्यावर वाड्याचा पत्ता घालतो, स्वतःचा एक नंबर टाकतो आणि वहीत लिहून ठेवतो: ४०१२३ म्हणजे माडीवरच्यांचं. उत्तर ४०१२३ नंबरने आलं की माडीवर पोचवतो. घरातला राउटर हेच करतो. आत १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते असतात. ते खासगी असल्यामुळे तुमच्या घरी आणि शेजाऱ्याकडे तेच असले तरी काही अडत नाही. बाहेर मात्र एकच खरा पत्ता दिसतो. देवडीवाल्याच्या नंबराला पोर्ट म्हणतात आणि ते ६५,५३६ असतात.

या व्यवस्थेत वहीत नोंद नसलेलं पत्र बाहेरून आलं तर देवडीवाला ते टाकून देतो. कोणाचं ते त्याला माहीतच नसतं. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्याला आधीच सांगून ठेवणं, की ८००० नंबरचं काहीही आलं तर कोपऱ्यातल्या डीव्हीआरकडे दे. दहा वर्षांपूर्वी एवढं पुरत होतं.

आता पुरत नाही, कारण वाड्यापुढे पोळेचा, म्हणजे अख्ख्या गल्लीचा, दरवाजा उभा राहिला आहे. कंपन्यांकडे प्रत्येक घराला देण्याइतके पत्ते नाहीत. आज नव्याने सुरू होणाऱ्या नेट कंपनीला एपनिकच्या नियमाने जुन्या आवृत्तीचे फार तर ५१२ पत्ते मिळतात (२०१९ पर्यंत १,०२४ मिळत). भारतात हे वाटप इरिन्न ही संस्था करते. ५१२ पत्त्यांत शहरभर ग्राहक कसे बसवायचे? कंपनी स्वतःच्या यंत्रावर आणखी एक नॅट लावते. याला सीजीनॅट म्हणतात. हिशेब साधा आहे. ६५,५३६ पोर्टांतले पहिले १,०२४ बाजूला ठेवले तर ६४,५१२ उरतात. प्रत्येक ग्राहकाला १,००८ दिले तर एका पत्त्यावर ६४ घरं बसतात, आणि ५१२ पत्त्यांवर ३२,७६८ घरं. म्हणजे तुमच्या देवडीवाल्याला तुम्ही सांगितलंत, पण पोळेच्या दरवाज्यावरच्या माणसाला कोणी सांगितलं नाही आणि तो तुमचं ऐकायला बांधलेलाही नाही. कॅमेऱ्याची पत्रं तिथेच पडतात.

आपण पोळेच्या आत आहोत की बाहेर, हे दोन मिनिटांत कळतं. राउटरचं पान उघडा (पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, नाहीतर डब्याच्या खाली चिकटवलेला असतो) आणि 'वॅन' किंवा 'इंटरनेट' या सदरातला पत्ता लिहून घ्या. मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' असं शोधा. दोन्ही आकडे सारखे असले तर पत्ता तुमचा आहे. वेगळे असले आणि राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये सुरू होत असला तर सीजीनॅट नक्की, कारण ही ४१,९४,३०४ पत्त्यांची पट्टी २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवली आहे. काही कंपन्या तिथे १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात. परिणाम तोच.

सीजीनॅटचा त्रास कॅमेऱ्यापुरता नसतो. त्याच पत्त्यावरच्या बाकीच्या ६३ घरांपैकी एकाच्या संगणकात व्हायरस शिरून तो स्पॅम पाठवत सुटला, की 'तुम्ही यंत्रमानव नाही ना' हे विचारणारी चित्रं तुमच्यासमोरही येतात. ऑनलाइन खेळांत मित्राशी थेट जोडणी होत नाही. पोलिस तपासातही नुसता आयपी पत्ता पुरत नाही, पोर्ट आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. सर्व्हरची वेळ ग्रिनिचची असेल आणि ती कोणी भारतीय समजला, तर साडेपाच तासांच्या फरकाने भलत्याच घराचं दार वाजू शकतं.

पत्त्यांचा बाजारही भरलाच. २०११ मध्ये दिवाळखोर नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरना घेतले, म्हणजे पत्त्याला सव्वाअकरा डॉलर. ॲमेझॉनच्या क्लाउडवर १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर भाडं लागतं. आकडा चिल्लर वाटतो, पण वर्षाला ४३.८ डॉलर होतात. तुमचा नेटवाला स्टॅटिक आयपीचे जादा पैसे मागतो तो काही लुटारू नाही. तो टंचाईचा माल विकतो आहे.

नवा पत्ता

खरा इलाज १९९५ च्या डिसेंबरातच लिहून झाला होता: आयपीव्ही६. (पाचवा आकडा ध्वनी-चित्र वाहून नेण्याच्या एका प्रयोगाला आधीच दिला गेला होता, म्हणून चारावरून थेट सहा.) पत्ता १२८ बिटांचा. एकूण पत्त्यांची संख्या ३९ अंकी आहे, ती इथे लिहून कोणाचं भलं होणार नाही. त्यापेक्षा वाटप पाहा. ज्या नव्या कंपनीला जुने ५१२ पत्ते मिळतात तिलाच आयपीव्ही६ चा किमान गठ्ठा मिळतो /३२. त्यात एका घराला /५६ द्यायचं ठरवलं तर १,६७,७७,२१६ घरं होतात, आणि प्रत्येक घराला २५६ वेगळी जाळी मिळतात. स्लॅशपुढचा आकडा म्हणजे पत्त्याचा पुढून किती बिटांचा भाग ठरलेला आहे तो. आकडा लहान तेवढी जागा जास्त.

लिहायची रीत विचित्र दिसते, पण पाच मिनिटांत अंगवळणी पडते. चार-चार अंकांचे आठ गट, मध्ये विसर्गचिन्हासारखे दोन टिंब. अंक सोळाचे: शून्य ते नऊ आणि पुढे ए ते एफ ही अक्षरं, जी यंत्रावर रोमन लिपीत दिसतील. उदाहरणादाखल राखून ठेवलेल्या पट्टीतला हा एक पत्ता घ्या, त्यात रावपुऱ्याचा पिनकोड घातला आहे:

२००१:०डीबी८:०३९०:०००१:००००:००००:००००:००२५

गटाच्या सुरुवातीची शून्यं गाळता येतात, आणि सलग शून्यांचे गट एकदाच, फक्त एकदाच, दुहेरी टिंबांनी मोडता येतात. मग उरतं २००१:डीबी८:३९०:१::२५. दोनदा मोडले तर कुठे किती शून्यं होती ते कळणार नाही, म्हणून एकदाच. एफई८० ने सुरू होणारा पत्ता दिसला म्हणजे आयपीव्ही६ मिळालं, असं समजू नका. तो प्रत्येक यंत्र स्वतःच्या भिंतीआड वापरण्यापुरता आपणच तयार करतं. बाहेर चालणारे पत्ते सध्या २ किंवा ३ ने सुरू होतात.

एवढं सगळं तयार असताना जग तीस वर्षं का थांबलं? कारण दोन्ही आवृत्त्यांना एकमेकींची भाषा कळत नाही. जुन्या पाकिटावर पत्त्यासाठी ३२ बिटांचाच रकाना छापलेला आहे, त्यात १२८ कोंबता येत नाहीत. म्हणून एका रात्रीत बदल अशक्य. दोन्ही बरोबर चालवायच्या आणि जिथे जुळत नाही तिथे दुभाष्या बसवायचा, हाच मार्ग. आणि नॅटमुळे कोणाचं काही ठळकपणे बंद पडलं नाही, त्यामुळे घाईही नव्हती.

भारतात मात्र फोनवर हा बदल केव्हाच होऊन गेला, आणि कोणाला कळलाही नाही. जिओने सप्टेंबर २०१६ मध्ये सेवा सुरू केली तीच आयपीव्ही६ धरून. कोट्यवधी नवे ग्राहक जुन्या पत्त्यांवर बसवणं शक्यच नव्हतं. आज आयपीव्ही६ वापरणाऱ्या देशांत भारत अगदी वरच्या ओळीत आहे.

सेव-उसळ खाऊन तुम्ही क्यूआरवर पैसे देता तेव्हा आत काय होतं ते पाहू. अशा जाळ्यावरच्या फोनला बाहेरचा पत्ता फक्त आयपीव्ही६ चा असतो. समोरचा सर्व्हर नव्या आवृत्तीत असला तर पाकीट सरळ जातं. तो जुन्यातच असला तर कंपनीचा नाव-शोधक, म्हणजे डीएनएस, त्याचा जुना पत्ता एका ठरावीक नव्या पत्त्याच्या शेपटीला जोडून फोनला देतो. फोन तिकडे पाकीट पाठवतो, आणि वाटेत दुभाष्या बसलेला असतो तो ते जुन्या पाकिटात घालून पुढे धाडतो. काही ॲपमध्ये सर्व्हरचा जुना आकडाच लिहून ठेवलेला असतो, नाव विचारलंच जात नाही. त्यांच्यासाठी फोनमध्येही एक छोटा दुभाष्या असतो. अँड्रॉइडच्या 'अबाउट फोन'मध्ये मोबाइल डेटा चालू असताना १९२.०.०.४ असा पत्ता दिसला तर तो या आतल्या दुभाष्याचाच. ॲपलने तर १ जून २०१६ पासून निव्वळ आयपीव्ही६ जाळ्यावर न चालणारी ॲप घेणंच बंद केलं.

मागे राहिलं ते घरचं आणि दुकानातलं वायफाय.

घरी, दुकानात

आधी तपासा. फोनचा मोबाइल डेटा बंद करून वायफायवर या आणि टेस्ट-आयपीव्ही६ डॉट कॉम उघडा. दहापैकी दहा आले तर काही करायचं नाही. शून्य आलं तर राउटरच्या पानात 'आयपीव्ही६' सदर शोधा, ते चालू करा, प्रकार 'ऑटो' किंवा 'डीएचसीपीव्ही६' ठेवा आणि 'प्रीफिक्स डेलिगेशन' वर खूण करा. ही शेवटची खूण विसरली जाते. मग राउटरला स्वतःला पत्ता मिळतो, पण घरात वाटायला गठ्ठा मिळत नाही, आणि फोन कोरडेच राहतात.

त्याहून जास्त वेळा आढळणारा घोळ दोन डब्यांचा. भिंतीवर कंपनीचा फायबरचा डबा, आणि सिग्नल मागच्या खोलीत पोचत नाही म्हणून बाजारातून आणलेला दुसरा राउटर. दुसरा पहिल्याकडे गठ्ठा मागतो आणि पहिला बहुधा देत नाही. शिवाय जुन्या आवृत्तीत नॅटवर नॅट चढतो. दुसऱ्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' मोडमध्ये टाका, म्हणजे तो फक्त वायफाय पसरवेल. किंवा नेटवाल्याकडून फायबरचा डबा 'ब्रिज' मोडमध्ये करून घ्या. सगळं नीट असूनही वॅनला आयपीव्ही६ येत नसेल तर कंपनीने तुमच्या भागात ते सुरू केलेलं नाही. तक्रार लेखी करा, 'मला आयपीव्ही६ प्रीफिक्स मिळत नाही' याच शब्दांत. 'नेट स्लो आहे' असं लिहिलंत तर माणूस येऊन डबा बंद-चालू करून जाईल.

वेग वाढेल का? फारसा नाही. सीजीनॅटचं गर्दीचं यंत्र टळतं एवढाच फायदा, आणि तो संध्याकाळी कधी जाणवतो, कधी नाही. जुना प्रिंटर, जुना टीव्ही आयपीव्ही४ वरच राहतील आणि चालतील.

उलट काही साइट अडकायला लागल्या की बरेच तंत्रज्ञ आयपीव्ही६ बंदच करून टाकतात. हा उपाय म्हणजे दार कुरकुरतं म्हणून भिंत बांधणं. अडकण्याचं नेहमीचं कारण पाकिटाचा आकार असतो. केबलवरचं पाकीट १,५०० बाइटचं. यूजरनेम-पासवर्ड लागणाऱ्या पीपीपीओई जोडणीत ८ बाइट जातात, उरतात १,४९२. जुन्या आवृत्तीत वाटेतला राउटर मोठं पाकीट फोडून पुढे पाठवू शके. नव्या आवृत्तीत तसं करायला मनाई आहे. तो पाकीट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला 'मोठं आहे, लहान कर' असा आयसीएमपीव्ही६ निरोप धाडतो. कोणीतरी 'पिंग म्हणजे धोका' असं मानून फायरवॉलमध्ये आयसीएमपी सरसकट बंद केलेलं असतं, निरोप पोचत नाही, आणि पान अर्धं उघडून चक्र फिरत राहतं. छोट्या गोष्टी चालतात, मोठ्या अडकतात, ही त्याची खूण. तो निरोप येऊ द्या, राउटरचा एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) १,४९२ ठेवा, आणि एमएसएस क्लॅम्पिंगची (पाकिटातल्या मजकुराला मर्यादा घालण्याची) सोय असेल तर आयपीव्ही६ साठी १,४३२. शेजारच्या यंत्राचा पत्ता शोधण्याचं कामही नव्या आवृत्तीत आयसीएमपीच करतं, त्यामुळे आतल्या जाळ्यात ते बंद केलं तर काहीच चालणार नाही.

जुन्या टंचाईची सवय दुसरीकडेही नडते. 'आमच्याकडे वीसच संगणक, /६४ कशाला वाया घालवू' म्हणून ऑफिसचा व्यवस्थापक /१२० देतो, आणि अँड्रॉइड फोनना पत्ताच मिळत नाही, कारण यंत्र स्वतः पत्ता बनवतं त्या पद्धतीला पूर्ण /६४ लागतं. इथे काटकसर करायची नाही. तसंच एखाद्या उपद्रवी पत्त्याला बंदी घालताना एक पत्ता अडवून उपयोग नाही, समोरचा पुढच्या क्षणी दुसरा घेईल. त्याचं अख्खं /६४ अडवा. दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये आयपी साठवायचा रकाना १५ अक्षरांचा असेल तर नवा पत्ता कापला जाईल, ४५ ठेवा.

आता कॅमेरा. घरात आयपीव्ही६ आलं की डीव्हीआरला स्वतःचा खरा पत्ता मिळू शकतो, देवडी नाही आणि पोळेचा दरवाजाही नाही. पण मग दार उघडंच का? नाही. बहुतेक राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल बाहेरून आपणहून येणारं सगळं अडवते, आणि ती कधीही बंद करू नका. एका /६४ मध्ये इतके पत्ते असतात की सेकंदाला दहा लाख तपासले तरी पाच लाख ऐंशी हजारांहून जास्त वर्षं लागतील, हे खरं. पण डीव्हीआरला ::१ सारखा सोपा पत्ता दिला तर चोर तिथेच आधी बघतो. फायरवॉलमध्ये फक्त डीव्हीआरच्या पत्त्याला आणि फक्त लागणाऱ्या पोर्टला वाट द्या, आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड आधी बदला. बऱ्याच कंपन्या नेट तुटून जोडलं की घराचा गठ्ठा बदलतात, तेव्हा आकडा पाठ करू नका. डीव्हीआरमध्ये डायनॅमिक डीएनएस, म्हणजे बदलत्या पत्त्याला एक कायमचं नाव देणारी सेवा, लावा, आणि ती सेवा 'एएएए' नोंद ठेवते याची खात्री करा. नुसती 'ए' नोंद फक्त जुन्या पत्त्याची असते.

हे सगळं करण्याआधी डीव्हीआरच्या नेटवर्क सदरात आयपीव्ही६ आहे का ते पाहा. स्वस्त आणि जुन्या यंत्रांत नसतं. नसेल तर क्यूआर स्कॅन करून चालणारी कंपनीची क्लाउड सोय वापरा. त्यात डीव्हीआर स्वतःच बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी करून ठेवतो, म्हणून दोन्ही दरवाजे त्याला जाऊ देतात. मात्र तुमच्या गल्ल्याचं चित्र पाहण्यासाठी तिऱ्हाइताच्या सर्व्हरवर अवलंबून राहावं लागतं आणि तो बंद झाला की बाहेरून पाहणंही बंद. आयपीव्ही६ असलं तरी ही सोय राखीव ठेवा. पाहणाऱ्याकडेही नवी आवृत्ती लागते, आणि न्यू जर्सीतला मुलगा घरी असताना दुकान पाहू शकेल, पण तोच उद्या एखाद्या हॉटेलच्या वायफायवर असला तर कदाचित नाही.